सुरुवात चुकते

शुक्रवारी माझी पाळी सुटते सव्वानऊला
आणि पणजीचा शेवटचा खेळ सुरू होतो सव्वानऊलाच.
त्यामुळे गेल्या अकरा वर्षांत
एकाही सिनेमाची सुरुवात मी पाहिलेली नाही.
अंधारात लोकांच्या गुडघ्यांची माफी मागत
खुर्चीपाशी पोचेपर्यंत
कोणीतरी मेलेलं असतं.
कोण, ते शेजाऱ्याला विचारावं लागतं.

मी काही जाणकार नव्हे.
रायबंदर-चोडण फेरीवर खलाशी. दोर टाकतो, दोर सोडतो.
पण खुनी मला मध्यंतराआधी कळतो:
जो सगळ्यांना पाणी आणून देतो, तो.
कायतान म्हणतो, असं असेल तर
पोलिस आधी तुलाच धरतील.

कायतान आमचा सारंग. त्याला रडके सिनेमे लागतात.
इस्त्रीचा रुमाल मांडीवर घेऊन बसतो,
दोन भावांच्या वाटणीचा तो सिनेमा त्याने तीनदा पाहिला.
मला नाही पटला.
शेवटी पाऊण तास भाऊ एकमेकांशी बोलतच राहतात,
आईचं, विहिरीचं, लहानपणच्या तापाचं.
भाऊ इतकं बोलत नाहीत.
माझा आणि दादाचा दावा चौदा वर्षं चालू आहे,
एक फणस आणि त्याच्याखालची साडेतीन हात जमीन.
दादा रोज माझ्याच फेरीने कामाला जातो.
पायी माणसाला तिकीट नाही आमच्याकडे,
म्हणून पैसे घ्यायच्या निमित्तानेसुद्धा
हाताला हात लागत नाही.
कधी विचारतो, "भरती कितीला?"
मी सांगतो.
यावर कोण सिनेमा काढणार?

आणि तो थ्रिलर, आमच्याच फेरीवर काढलेला!
दोन रात्री धुराचं यंत्र, कायतानला खोकला.
खुनी चढतो रायबंदरला
आणि सात मिनिटांत उतरतो तेरेखोलला.
नदीच बदलली राव!
अख्ख्या थिएटरात मी एकटा हसलो.
पुढे हीरो धावत येतो, फेरी सुटलेली,
मध्ये हातभर पाणी, ढोल वाजतायत,
तो धक्क्यावर गुडघे टेकून ओरडतो.
सपशेल खोटं.
कोणी हात हलवला तर आम्ही थांबतो.
सुटलो असलो तरी कायतान शिव्या देत देत
बोट मागे घेतो.
अशाने थ्रिलर होत नाही, हे मान्य.

शिगम्यानंतर एका रात्री एक बाई चढली,
हातात हिरवी पिशवी, गच्च धरलेली.
चार खेपा झाल्या, उतरेना.
कठड्याशी उभी, काळ्या पाण्याकडे बघत.
मी दोर हातातच ठेवला.
सिनेमे पाहून पाहून माणूस भलतंच धरून चालतो.
शेवटी कायतानने विचारलं, "बाय, खंय वचपाचें?"
म्हणाली, "खंयच ना. घरात नऊ पाहुणे आहेत. इथे जरा बरं वाटतं."
पिशवीत पाव होते. दोन आम्हाला दिले,
अजून ऊन.

गेल्या शुक्रवारी नेहमीसारखाच उशिरा पोचलो.
पडद्यावर अंगणभर माणसं, मधोमध चादर.
शेजाऱ्याकडे न बघताच कुजबुजलो, "कोण गेलं?"
"सासरा," शेजारी म्हणाला. "दुधातून दिलं."
आवाज दादाचा.

पडद्यावर कोणीतरी हंबरडा फोडला.
मला वाटलं आता उठेल, जागा बदलेल.
त्याने वेफर्सचं पाकीट दुसऱ्या हातात घेतलं
आणि तोंड माझ्या कानाशी आणून
मला पहिली पंचवीस मिनिटं सांगितली.
सगळी. सासऱ्याला दोन मुलगे होते इथपासून,
दूध कोणत्या भांड्यात तापवलं इथपर्यंत.
मागचा माणूस शुक् शुक् करत राहिला.

खुनी कोण, ते त्याने चुकीचं ओळखलं.
मी बोललो नाही.

दाव्याची पुढची तारीख सोळा.